जेल स्पिनिंग: पॉलिएथिलीनच्या तंतूत पोलादाला मागे टाकणारे बळ येते कोठून?

पाषाणकर

पुण्यात गिर्यारोहणाच्या साहित्याच्या दुकानांत टांगलेल्या अरुंद पांढऱ्या स्लिंग (पट्टीचे शिवलेले फास), कापले न जाणारे हातमोजे, जहाजे धक्क्याला बांधण्याचे हलके दोर आणि गोळीरोधक जाकिटांतील थर या सर्वांत वापरला जाणारा एक तंतू पॉलिएथिलीनचा असतो, हे सांगितले की बहुतेकांना आश्चर्य वाटते. दुधाची पिशवी ज्या कुळातील पदार्थाची, त्याच कुळातील पदार्थ इतका बळकट कसा होतो, असा प्रश्न मला विद्यार्थ्यांकडून नेहमी येतो. त्याचे उत्तर मराठीत सविस्तर लिहिलेले असावे, म्हणून हा धागा काढत आहे.

प्रथम रेणूकडे पाहू. पॉलिएथिलीनची साखळी म्हणजे केवळ कार्बन आणि हायड्रोजन. बाजूला कोणताही अवजड गट नाही. ताणून सरळ केली की ही साखळी नागमोडी पण एका प्रतलात राहते आणि शेजारच्या साखळ्यांच्या अगदी जवळ बसते. तिच्या दिशेने ओढ लावली, तर भार थेट कार्बन-कार्बन बंधांवर येतो आणि हे बंध फार ताठ असतात. संपूर्ण सरळ साखळ्यांच्या स्फटिकाचा ताठरपणा, म्हणजे यंगचा गुणांक, सुमारे २५० ते ३०० गिगापास्कल येतो. पोलादाचा सुमारे २०० असतो. म्हणजे बळ रेणूत मुळातच आहे. साध्या पॉलिएथिलीनमध्ये ते दिसत नाही, कारण वितळलेले पॉलिमर थंड होताना साखळ्या स्वतःवर घड्या घालून पातळ पापुद्र्यांसारखे स्फटिक बनवतात. साखळी अशी घडी घालते, हे ब्रिस्टलच्या अँड्र्यू केलर यांनी १९५७ मध्ये दाखवले. घडी घातलेल्या साखळ्यांवर भार टाकला की तो पापुद्र्यांमधल्या ढिल्या भागावर येतो आणि मुख्य बंध जवळजवळ बेकार राहतात.

उपाय वरवर सोपा वाटतो: तंतू ओढून घड्या उलगडायच्या आणि सर्व साखळ्या एका दिशेला आणायच्या. पण तंतू बळकटही हवा असेल, तर साखळ्या लांब हव्यात. साखळीचे टोक हा तंतूतला दोष असतो. शिवाय शेजारच्या दोन साखळ्यांमधला भार केवळ दुर्बल आकर्षणाने जातो, म्हणून त्यांची एकमेकींशी जुळलेली लांबी खूप असावी लागते. साध्या पॉलिएथिलीनचे रेणुभार साधारण लाखाच्या आसपास असते, तर या तंतूंसाठी ३० ते ६० लाख रेणुभाराचे अतिउच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन वापरतात. ३० लाख रेणुभाराच्या साखळीत दोन लाखांहून अधिक कार्बन असतात आणि ती पूर्ण सरळ केली, तर तिची लांबी सुमारे २७ मायक्रोमीटर भरेल. एका रेणूच्या हिशेबाने ही प्रचंड लांबी आहे.

येथेच पेच उभा राहतो. साखळी लांब झाली की गुंता वाढतो. वितळलेल्या पॉलिएथिलीनची विष्यंदिता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, रेणुभाराच्या साधारण ३.४ व्या घाताने वाढते; रेणुभार ३० पट केले तर विष्यंदिता लाखपट होते. असा पदार्थ वितळूनही वाहत नाही, त्यामुळे त्याला स्पिनरेटच्या, म्हणजे सूत काढण्याच्या तबकडीच्या, बारीक छिद्रांतून काढणे अशक्य असते. कसाबसा आकार दिला, तरी घन अवस्थेत तो चार-पाच पटींपलीकडे ताणला जात नाही, कारण प्रत्येक गुंता ताणाच्या वेळी गाठीचे काम करतो. पॉलिएथिलीनमध्ये वितळलेल्या अवस्थेत साधारण १२०० रेणुभारामागे एक गुंता धरला, तर ३० लाखांच्या साखळीत अडीच हजार गुंते होतात. ते ओढून सुटत नाहीत.

नेदरलँड्समधील डीएसएम कंपनीच्या प्रयोगशाळेत पॉल स्मिथ आणि पिएट लेमस्ट्रा यांनी १९७९ च्या सुमारास या पेचावर जे उत्तर शोधले, तेच जेल स्पिनिंग. त्यांच्या आधी ग्रोनिंगेन विद्यापीठात आल्बर्ट पेनिंग्ज यांच्या गटाने विरळ द्रावणातून अतिबळकट तंतू मिळवले होते, पण ती पद्धत अतिशय संथ होती. स्मिथ आणि लेमस्ट्रा यांनी अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनचे डेकॅलिन या द्रावकात सुमारे २ टक्क्यांचे द्रावण केले, ते छिद्रातून काढून थंड केले, आणि त्यातून तयार झालेला जेलचा तंतू सुमारे १२० अंश सेल्सिअसला तीसेक पट ताणला. ताणबल सुमारे ३ गिगापास्कल आणि गुणांक ९० गिगापास्कलच्या आसपास मिळाला.

या यशाचे श्रेय बऱ्याचदा द्रावकाला दिले जाते. द्रावकामुळे पदार्थ वाहता होतो, म्हणून सूत काढता येते, असे सांगितले जाते. माझ्या मते हे निम्मे सत्य आहे आणि मूळ गोष्ट यात झाकली जाते. द्रावणाचे खरे काम गुंत्यांची संख्या ठरवण्याचे आहे. साखळ्या पातळ केल्या की त्यांच्या भेटी कमी होतात. २ टक्के द्रावणात गुंते वितळलेल्या अवस्थेच्या पन्नासाव्या भागाइतके, म्हणजे वरच्या उदाहरणात प्रत्येक साखळीत पन्नासेक, राहतात. सर्वाधिक ताणप्रमाण, म्हणजे तंतू मूळ लांबीच्या किती पट ताणता येतो तो आकडा, संहतीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते; २ टक्क्यांसाठी ही वाढ सुमारे सातपट येते आणि चार-पाच पटींना सातने गुणले की तीसच्या आसपास पोहोचतो. प्रयोगात नेमके हेच दिसले. हा हिशेब ढोबळ असला, तरी तो मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यातून कळते की तंतूचे बळ ओढण्याआधीच, द्रावणाच्या टाकीत, ठरलेले असते.

जेल ही अवस्था मध्ये का लागते, तेही सांगतो. गरम द्रावण थंड झाले की पॉलिएथिलीन बारीक स्फटिकांच्या रूपाने घट्ट होते आणि द्रावक त्या जाळ्यात अडकून राहतो. हे स्फटिक साखळ्यांना जागच्या जागी पकडून ठेवतात. नंतर द्रावक काढून टाकला, तरी गुंत्यांची विरळ मांडणी तशीच टिकते. मात्र ते सूत एकदा वितळवले, तर साखळ्या पुन्हा एकमेकींत घुसतात आणि ताणण्याची क्षमता नाहीशी होते.

गुंते शून्यावर आणले तर अधिक चांगले, असेही कोणी समजू नये. द्रावण अति विरळ झाले, तर साखळ्या एकमेकींना भेटतच नाहीत. छिद्रातून येणारे सूत स्वतःचे वजनही पेलत नाही आणि ताणताना भार एका साखळीकडून दुसरीकडे जात नाही. ताटातील शेवया एकमेकींत पूर्ण अडकल्या तर एकही निघत नाही, आणि पूर्ण सुट्या असल्या तर एक ओढल्यावर दुसरी येत नाही. आपल्याला या दोन्हींमधली स्थिती हवी असते.

निवृत्त_यंत्री

पाषाणकर साहेब, उत्तम मांडणी. माझे आयुष्य नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या सुतात गेले, म्हणून प्रत्यक्ष कारखान्याच्या बाजूने काही भर घालतो.

पहिला कठीण टप्पा विरघळवण्याचा असतो. या पॉलिमरची भुकटी थेट गरम द्रावकात टाकली, तर कणाच्या बाहेरच्या भागावर चिकट जेलचे कवच तयार होते आणि आतला भाग कोरडा राहतो. अशा गुठळ्या पुढे छिद्रे बुजवतात किंवा सुतात कमजोर जागा सोडतात. म्हणून भुकटी आधी द्रावकात मिसळून तिचा पातळ राडा करतात, योग्य तापमानाला कण फुगू देतात आणि मगच तो दुहेरी स्क्रूच्या एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे घुसळत पुढे ढकलणाऱ्या यंत्रात, घेतात. तापमान आणि स्क्रूची घुसळण जास्त झाली, तर साखळ्या तुटून रेणुभार उतरतो. ते उतरले की सगळ्या खटाटोपाला अर्थ राहत नाही. त्यामुळे प्रतिऑक्सिडीकारक घालणे आणि हवा बाहेर ठेवणे आवश्यक असते.

यानंतर दोन वाटा फुटतात. एकीला कोरडी पद्धत म्हणतात. त्यात डेकॅलिनसारखा उडून जाणारा द्रावक असतो आणि तो गरम नायट्रोजनच्या झोताने सुतातून काढला जातो. दुसऱ्या, ओल्या पद्धतीत पॅराफिन तेल वापरतात. ते उडत नाही, म्हणून सूत पाण्यात थंड केल्यावर दुसऱ्या, हलक्या द्रावकाने ते धुऊन काढावे लागते आणि मग तो दुसरा द्रावक वाळवून घालवावा लागतो. पूर्वी यासाठी क्लोरोफ्लुरोकार्बन वर्गातील द्रावक वापरला जाई. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो मार्ग बंद झाला आणि इतर द्रावक आले. तेल आणि धुण्याचा द्रावक यांचे मिश्रण पुन्हा ऊर्ध्वपातनाने वेगळे करावे लागते.

लोकांना या सुताची किंमत जास्त का, असा प्रश्न पडतो. एक साधा हिशेब करावा. ५ टक्क्यांच्या द्रावणातून १ किलो सूत काढायचे, तर १९ किलो द्रावक सोबत फिरतो. १० टक्क्यांवर गेलो तरी ९ किलो आहेच. त्यातील ९९ टक्के परत मिळवला, तरी उरलेला भाग दर किलोमागे हवेत, पाण्यात किंवा सुतात जातो, आणि द्रावक ज्वलनशील असल्यामुळे संपूर्ण यंत्रणा बंदिस्त ठेवावी लागते. मूळ पॉलिमर स्वस्त आहे. खर्च जातो तो द्रावक फिरवण्यात, परत मिळवण्यात आणि सुरक्षित ठेवण्यात. डीएसएमने प्रयोगशाळेतील शोधानंतर हेर्लेन येथे 'डायनिमा' या नावाने व्यापारी उत्पादन सुरू केले ते १९९० मध्ये. मधली दहा वर्षे कशात गेली असतील, हे कारखान्यातल्या माणसाला लगेच समजते. अमेरिकेत अलाइड कंपनीने हेच तंत्रज्ञान परवान्यावर घेऊन 'स्पेक्ट्रा' नावाने सूत आणले. ते पुढे हनीवेलकडे आले. डीएसएमचा हा व्यवसाय २०२२ मध्ये एव्हिएंट कंपनीने विकत घेतला.

प्रयोगवही

नमस्कार सर. मी पुण्यातच पॉलिमर अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझे दोन प्रश्न आहेत. गुंते कमी करणे हाच मुद्दा असेल, तर कमी रेणुभाराचे पॉलिएथिलीन वितळवून सूत का काढू नये? त्यात गुंते आपोआप कमी असतील आणि द्रावकही लागणार नाही. दुसरे, ताणणे नायलॉनमध्ये इतके का जमत नाही?

पाषाणकर

तुमचा पहिला प्रश्न केवळ पुस्तकी नाही. तो प्रयोग प्रत्यक्षात झालेला आहे. १९७० च्या दशकात इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात इयान वॉर्ड यांच्या गटाने मध्यम रेणुभाराचे पॉलिएथिलीन वितळवून काढलेले सूत योग्य तापमानाला खूप ताणले आणि फार उच्च गुणांक मिळवला. ताठरपणा मिळाला, कारण तो मुख्यतः साखळ्या किती सरळ झाल्या यावर अवलंबून असतो. ताणबल मात्र जेल स्पिनिंगच्या सुताच्या निम्म्याच्याही आसपास अडकले. साखळ्या आखूड असल्यामुळे टोके जास्त होती आणि जास्त भाराखाली साखळ्या एकमेकींवरून सरकत होत्या. लांब साखळी आणि कमी गुंते या दोन मागण्या एकत्र पूर्ण करायच्या असतील, तर वितळवण्याच्या मार्गाने ते होत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला या संपूर्ण विषयातील सर्वांत रंजक गोष्ट वाटते. तंतू तीस-चाळीस पट ताणला जातो, तेव्हा घडी घातलेली साखळी आपल्याच स्फटिकातून बाहेर सरकते. पॉलिएथिलीनच्या साखळीला बाजूला ओढणारे हायड्रोजन बंध नाहीत, म्हणून सुमारे ८० अंशांच्या वर ती स्फटिकाच्या आतही आपल्या अक्षाच्या दिशेने हळूहळू सरकू शकते. नायलॉनमध्ये शेजारच्या साखळ्यांना हायड्रोजन बंधांनी बांधलेले असते. तेथे साखळी स्फटिकातून अशी निघत नाही आणि नेहमीच्या उत्पादनात ताणप्रमाण चार-पाचच्या घरात राहते. यामुळेच जेल तंतू एका दमात ओढत नाहीत. वेगवेगळ्या टप्प्यांत ओढतात आणि प्रत्येक टप्प्याला तापमान थोडे वाढवत वितळबिंदूच्या जवळ नेतात, कारण साखळ्या जशा सरळ होतात, तसा त्यांचा वितळबिंदूही काही अंशांनी वर जातो.

पण हीच सवलत पुढे महाग पडते. जी साखळी ताणताना सरकते, ती तंतू तयार झाल्यावर सततच्या भाराखालीही सरकते. यालाच क्रीप म्हणतात. पॉलिएथिलीनच्या तंतूवर त्याच्या क्षमतेच्या मोठ्या भागाइतका भार महिनोन् महिने ठेवला, तर तो लांबत जातो आणि शेवटी तुटू शकतो. उष्णतेत हे आणखी वेगाने होते. म्हणून पुलाच्या केबलसाठी पोलादाला पर्याय म्हणून हे सूत मांडले जाते, तेव्हा मी सावध होतो. बळाचा आकडा खरा आहे, पण तो थोड्या वेळाच्या चाचणीचा आहे.

चिंचवडकर

मी दोर आणि जाळ्यांच्या व्यवसायात आहे. आपल्या पुणे-चिंचवड परिसरात आणि वाईपर्यंत या धंद्याची मोठी परंपरा आहे. गरवारे टेक्निकल फायबर्ससारखी कंपनी येथूनच जगभर जाळी आणि दोर पाठवते. पाषाणकर साहेबांनी क्रीपबद्दल लिहिले ते आमच्या कामात रोजचे आहे. बंदरात जहाज बांधण्याच्या दोराला हे सूत उत्तम ठरते. घनता ०.९७ असल्यामुळे दोर पाण्यावर तरंगतो, ओला झाला तरी जड होत नाही, आणि खलाशी तो हाताने ओढू शकतो, जे त्याच ताकदीच्या पोलादी दोराच्या बाबतीत शक्य नसते. तुटला तर लांबलेल्या नायलॉनच्या दोराइतक्या जोराने तो मागे येत नाही, कारण तुटण्याच्या क्षणी त्याची लांबी साधारण ३ ते ४ टक्केच वाढलेली असते.

ग्राहक विचारतात की पोलादापेक्षा १५ पट मजबूत असे जाहिरातीत लिहितात, ते खरे का? मी त्यांना वजनाचा हिशेब दाखवतो. सुताचे ताणबल ३.५ गिगापास्कल आणि उच्च प्रतीच्या पोलादी तारेचे २ धरले, तर जाडीच्या हिशेबाने फरक दुपटीच्या आतच आहे. घनता ०.९७ आणि ७.८ अशी असल्याने समान वजनाला मात्र सुमारे १४ पटींचा फरक पडतो. हवेत टांगलेला हा तंतू केवळ स्वतःच्या वजनाने तुटायला त्याची लांबी साडेतीनशे किलोमीटरहून अधिक लागेल. त्या पोलादी तारेला २६ किलोमीटर पुरेसे होतील.

एक अडचण मात्र सांगायला हवी. हे सूत कशालाच चिकटत नाही. रंग घेत नाही, राळेशी नीट जुळत नाही. संमिश्र पदार्थांत वापरायचे तर कोरोना किंवा प्लाझ्मा या विद्युत विसर्गाच्या प्रक्रियेने पृष्ठभाग बदलावा लागतो.

कडेकपारी

आम्ही शनिवार-रविवार सह्याद्रीत असतो. लिंगाणा, तेलबैल किंवा नागफणी येथे या तंतूच्या स्लिंग आता सर्वांच्या कमरेला दिसतात. वजन कमी, ओल घेत नाही, म्हणून नवी मुले नायलॉन सोडून सर्वत्र याच वापरतात. वरील चर्चेवरून मला काळजी वाटू लागली आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीने नेमके कोठे जपावे, हे कोणी स्पष्ट सांगेल का?

पाषाणकर

फार योग्य प्रश्न आहे आणि मी त्याचे उत्तर काळजीपूर्वक देतो, कारण येथे माणसाच्या जिवाचा संबंध आहे.

युरोपीय मानक ईएन ५६६ नुसार शिवलेल्या स्लिंगला किमान २२ किलोन्यूटन भार सहन करावा लागतो आणि चांगल्या कंपनीची स्लिंग हा निकष पूर्ण करते. धोका इतर तीन ठिकाणी आहे आणि तिन्हींचे मूळ रेणूच्या रचनेत आहे.

एक म्हणजे न लांबणे. तंतू जवळजवळ लांबत नाही, म्हणून पडणाऱ्या माणसाची ऊर्जा तो शोषत नाही. आधारबिंदूला केवळ स्लिंगने अडकून त्याच्या वरच्या बाजूला उभे राहिलात आणि घसरलात, तर अंतर कमी असले तरी झटक्याचे बल फार मोठे येते. अशा ठिकाणी मध्ये लवचीक दोर असलाच पाहिजे.

दुसरी बाब गाठीची. गाठीने प्रत्येक दोराची ताकद उतरते, पण या गुळगुळीत, कमी घर्षणाच्या आणि न लांबणाऱ्या सुतात ती फारच उतरते, आणि गाठ घसरण्याचीही शक्यता असते. म्हणूनच या स्लिंग कारखान्यातून शिवून येतात. त्या कापून घरी गाठ मारून वापरू नयेत.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित बाब उष्णतेची. हा तंतू साधारण १४५ ते १५० अंशांना वितळतो आणि त्याच्या बराच आधी त्याचे बळ उतरू लागते. नायलॉन-६६ वितळायला २५० अंशांहून अधिक तापमान लागते. स्लिंगमधून थेट दोर सरकवून खाली उतरणे किंवा कोणाला खाली सोडणे यामुळे एकाच जागी घर्षण होते आणि ती जागा काही क्षणांत वितळू शकते. मध्ये धातूचे कॅराबिनर (उघडझाप होणारी कडी) ठेवणे अत्यावश्यक आहे. घर्षणाच्या गाठीसाठी, म्हणजे प्रुसिकसाठी, अरुंद डायनिमा स्लिंगपेक्षा नायलॉनचा पातळ दोर बरा.

प्रयोगवही

सर, अजून एक शंका. द्रावकच वापरायचा नाही, अशी पद्धत निघाली आहे का?

पाषाणकर

होय, आणि ती तुमच्या वयाच्या संशोधकांनी नक्की वाचावी. गुंते नंतर विरळ करण्याऐवजी ते मुळात निर्माणच होऊ द्यायचे नाहीत, हा त्यामागचा विचार आहे. पॉलिमरीकरण कमी तापमानाला आणि अशा उत्प्रेरकाने करायचे की एका क्रियाशील केंद्रापासून निघालेली साखळी शेजारणीला भेटण्याआधीच स्फटिकात बसेल. मिळणारी भुकटी न वितळवता, वितळबिंदूच्या खाली दाबून पट्टी करतात आणि ती ताणतात. टेइजिन कंपनीची 'एंडुमॅक्स' ही पट्टी अशा द्रावकविरहित मार्गाने बनते. आपल्या पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही कमी गुंत्यांच्या अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनवर संशोधन झाले आहे. द्रावणाचा खरा हेतू गुंते मोजून ठेवण्याचा होता, असे मी सुरुवातीला म्हटले, त्याचा हा सर्वांत ठळक पुरावा मला वाटतो: तोच हेतू दुसऱ्या मार्गाने साधला की द्रावकाची गरज उरत नाही.

चिंचवडकर

विद्यार्थिमित्रांना एक व्यावहारिक सूचना. प्रकल्पासाठी या सुताची ताणचाचणी करणार असाल, तर साध्या सपाट जबड्यांत ते धरू नका. घर्षण इतके कमी असते की सूत जबड्यातून सरकते किंवा जबड्याच्या कडेलाच तुटते आणि आकडा कितीतरी कमी येतो. गोल खुंटाभोवती दोन-तीन वेढे देऊन मग पकड घेणारे जबडे वापरा. जाडी मायक्रोमीटरने मोजून क्षेत्रफळ काढण्याच्या फंदातही पडू नका; ठरावीक लांबीचे वजन करून डेनियर (९००० मीटर सुताचे ग्रॅममधील वजन) काढा आणि ताकद दर डेनियरमागे लिहा. ओढण्याचा वेगही अहवालात अवश्य नोंदवा, कारण संथ ओढले तर हेच सूत क्रीपमुळे कमी ताकद दाखवते, आणि वेग लिहिला नसेल तर दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवता येत नाहीत.